लस दिली, पण लागली का? खान्देशातल्या नव्या ब्रॉयलरवाल्यांसाठी

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, नवीन शेड बांधलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितव्या दिवशी कोणती लस? त्याचं उत्तर हाताच्या तळव्यावर मावतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेत आजाराची लस, बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो आजाराची लस, एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लासोटा. हा तक्ता कंपनीचा सुपरवायझरही देतो आणि औषधाच्या दुकानातही भिंतीला चिकटवलेला असतो.

तरी एकाच तक्त्यावर चालणाऱ्या शेजारशेजारच्या दोन शेडांत एकीकडचा लॉट, म्हणजे एका वेळी वाढवलेली सगळी पिल्लं, सुखरूप निघतो आणि दुसरीकडे बांधावर खड्डे खणावे लागतात. लस देणं हे एक काम झालं. ती लागणं, म्हणजे पिल्लाच्या अंगात जिवंत पोचून तिथे ताकद तयार होणं, हे दुसरं. नवीन माणसाचं नुकसान बहुतेक वेळा या दोन कामांच्या मधल्या जागेत होतं, म्हणून हा लेख तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी आजार ओळखा

कोंबड्यांच्या या विषाणूच्या आजारांवर औषध नाही. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. मर सुरू झाल्यावर दुकानातून भारीतली पावडर आणून पाण्यात टाकली तर मागून येणारा जिवाणूंचा संसर्ग आवरायला थोडी मदत होईल, पण मूळ आजार हटणार नाही. एवढं एक पक्कं डोक्यात बसलं तरी पैसा वाचतो.

राणीखेत म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची मानमोडी. आता उत्तराखंडात असलेल्या राणीखेत गावावरून आपल्या देशात हे नाव पडलं. पिल्लं तोंड उघडून श्वास घेतात, घरघर करतात, हिरवट पातळ विष्ठा टाकतात. त्यातून वाचलेल्यांची मान पिळवटते, एखादा पाय किंवा पंख लुळा पडतो. डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतात तेव्हा ग्रंथीजठरावर, म्हणजे पोटाच्या पहिल्या भागावर, रक्ताचे ठिपके दाखवतात. गावठी कोंबड्यांत हा आजार सतत फिरत असतो. त्यामुळे शेडच्या दारात गावठी कोंबड्या चरत असतील तर त्या आजच हलवा. घरच्या आहेत, आईने पाळलेल्या आहेत, हे सगळं खरं. तरीही हलवा.

गंबोरोचं नाव अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका गावावरून आलं. तिथे १९६२ साली हा आजार नोंदवला गेला. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो गाठतो, म्हणजे ब्रॉयलरमध्ये नेमका खाद्याचा खर्च वर गेलेला असतो तेव्हा. पिल्लं पिसं फुलवून गोळा होतात, मान खाली टाकतात, पांढरट पातळ विष्ठा टाकतात, काही स्वतःच्या मागच्या भागाला चोच मारतात. मर एकदम चढते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवड्याभरात उतरते. पोस्टमॉर्टेममध्ये मांडीच्या आणि छातीच्या मांसावर रक्ताचे पट्टे दिसतात. शेपटीजवळची बर्सा नावाची गाठ आधी सुजते, नंतर आक्रसते. ही बर्सा पिल्लाच्या प्रतिकारशक्तीची शाळाच आहे. ती बिघडली की वाचलेल्या पिल्लांनाही पुढची राणीखेतची लस नीट लागत नाही. गंबोरोचं खरं नुकसान मेलेली पिल्लं मोजून कळत नाही, ते असं.

लिची आजारात हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साठतं आणि हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसतं. तीन ते पाच आठवड्यांची, वजनाने चांगली भरलेली पिल्लं अचानक मरतात. इन्फेक्शस ब्राँकायटिस, म्हणजे आयबी, यात शिंका आणि घरघर असते, काही वेळा मूत्रपिंडही सुजतं. या दोघांच्या लशी मिळतात, पण सरसकट प्रत्येक लॉटला लागतात असं नाही. आपल्या भागात चालू वर्षी काय फिरतंय ते डॉक्टरांना विचारून ठरवा. देवी आणि मॅरेक्स या आजारांची चिंता जास्त काळ जगणाऱ्या पक्ष्यांना, म्हणजे अंड्यावरच्या आणि गावठी कोंबड्यांना जास्त. तुमचा पक्षी सहा आठवड्यांत गाडीत चढतो.

राहिला बर्ड फ्लू. खान्देशी माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातल्या कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा तो सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तिथेच आला. दोन्ही वेळा लाखो पक्षी मारून पुरावे लागले. या आजारासाठी आपल्या देशात लसीकरणाचं धोरण नाही, बाधित भागातले पक्षी नष्ट करण्याचं आहे. नमुन्याची शेवटची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. शेडमध्ये एका रात्रीत मर अफाट वाढली, तुरे-कल्ले निळे पडले, तोंड सुजलं, पायांवर लाल चट्टे आले, तर पक्षी फाडू नका, कुठे नेऊ नका, स्वस्तात विकून टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा.

पिल्लं येण्याआधी

लसीची तयारी पिल्लांच्या आधी सुरू होते. गंबोरोचा विषाणू चिवट आहे. जुन्या तुसात, भिंतीच्या भेगांत, लिटरमधल्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थरातल्या, काळ्या किड्यांत तो महिनोनमहिने टिकतो. आधीच्या लॉटचं लिटर पूर्ण बाहेर काढा आणि ते शेडजवळ ढीग लावून ठेवू नका. शेतात टाकायचं असेल तर लांबच्या शेतात टाका. शेड धुवा, वाळवा, चुना मारा, जंतुनाशक फवारा, आणि दोन लॉटमध्ये किमान चौदा दिवस शेड रिकामी ठेवा. भाव चढलेले असले की हे चौदा दिवस फार लांब वाटतात. ते पाळा. दाराशी चुन्याचा खड्डा किंवा जंतुनाशकाचा ट्रे, आणि शेडमध्ये घालायची वेगळी चप्पल. खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर, पक्षी भरायला येणारी मुलं, हे सगळे आदल्या कुठल्या तरी शेडमधूनच आलेले असतात.

पिल्लं उतरवताना हॅचरीला, म्हणजे जिथे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथे, एक प्रश्न जरूर विचारा: पहिल्या दिवशी हॅचरीत कोणती लस दिली आहे? काही ठिकाणी एक दिवसाच्या पिल्लालाच इंजेक्शनने लस देऊन पाठवतात, आणि त्याप्रमाणे तुमचा पुढचा तक्ता बदलतो. उत्तर वहीत लिहून ठेवा.

लस आणणं आणि ठेवणं

लासोटा आणि गंबोरोच्या लशींत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. तो जिवंत राहिला तरच लस. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये हवी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली बाटली गावी पोचेपर्यंत निव्वळ पावडर उरते. थर्मास किंवा बर्फाचा डबा घेऊनच दुकानात जा. दुकानदाराचा फ्रिज चालू आहे का, लाइट गेल्यावर तो काय करतो, हे विचारायला लाजू नका. घरी फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. तेलातली, मेलेल्या विषाणूची जी किल्ड लस इंजेक्शनने देतात ती मात्र गोठू देऊ नका, गोठली की बिघडली. टोचण्याआधी ती थोडा वेळ बाहेर ठेवून साध्या तापमानाला आणावी आणि नीट हलवावी.

एक इशारा इथेच देतो. सरकारी दवाखान्यात राणीखेतची आरटूबी नावाची लसही असते. ती मोठ्या, साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या पुढच्या कोंबड्यांसाठी आहे. राणीखेतचीच आहे ना, मग चालेल, असं समजून लहान ब्रॉयलर पिल्लाला ती दिली तर लसच जीव घेऊ शकते.

पहिली लस: डोळ्यात थेंब

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-वन (हीसुद्धा राणीखेतचीच लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. हजार डोसची बाटली सोबतच्या थंड द्रावणात विरघळवायची आणि ड्रॉपरने द्यायची. काम पहाटे करा. चिक गार्डने, म्हणजे पिल्लांभोवती लावायच्या गोल पट्टीने, पिल्लांचे छोटे घोळके करा, दोघांनी पिल्लं उचलून द्यायची, एकाने थेंब सोडायचा. थेंब डोळ्यावर पसरला, पिल्लाने डोळा मिटला, मगच ते खाली सोडा. घाईत थेंब पिसांवर गेला तर ते पिल्लू लसीविना राहिलं, आणि पाच हजारांत अशी पाचशे राहिली तर आजाराला तेवढी वाट पुरते. ड्रॉपर हातात धरून बाटली गरम होते, म्हणून एका वेळी एकच बाटली फोडा आणि बाकीच्या बर्फात ठेवा. काही जण याच दिवशी मानेच्या कातडीखाली किल्ड लसही टोचून घेतात. ज्या भागात राणीखेत जोरात आहे तिथे हा खर्च वाया जात नाही.

दुसरी लस: गंबोरो, आणि पाण्याची गोष्ट

गंबोरोची लस बारा-चौदा दिवसांपर्यंत का थांबवतात? पिल्लाला आईकडून अंड्यातूनच थोडी संरक्षक ताकद मिळालेली असते. ती जोरात असताना लस दिली तर आईची ताकद लसीचाच विषाणू मारून टाकते. फार उशीर केला तर आईची ताकद संपते, लसही दिलेली नसते आणि मधल्या दिवसांत बाहेरचा विषाणू आत येतो. म्हणून बारा ते चौदाची खिडकी. आजाराचा जोर पाहून डॉक्टर इंटरमीडिएट (मध्यम जोराची) लस की इंटरमीडिएट प्लस (त्याहून जास्त जोराची) हे ठरवतात, काही ठिकाणी अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान दुसरा डोसही देतात.

ही लस बहुधा पिण्याच्या पाण्यातून देतात, आणि घोळ तिथेच होतो. माझी तिसरी बॅच होती, मे महिना होता, बोअर आटलेलं. टँकरचं पाणी टाकीत घेतलं आणि चौदाव्या दिवशी त्याच पाण्यातून लस दिली. चोविसाव्या दिवशी सकाळी शेडचा पडदा वर केला तर पिल्लं तुसावर गोळे होऊन बसलेली. आठवडाभर रोज टोपलीने मेलेली पिल्लं काढली. शेजारचे आबा बांधावरून विचारायचे, "काय व्हयनं भाऊ?" आणि मला उत्तर सुचायचं नाही. डॉक्टरांनी दोन पक्षी फाडून बघितले. मग ते टाकीकडे गेले, झाकण उघडून वाकले आणि वास घेतला. टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर होती. ते म्हणाले, "भाऊ, लस चांगली होती. पण ती पिल्लाच्या पोटात जायच्या आधीच टाकीत मेली."

तेव्हापासून पाण्यातून लस देताना मी जे करतो ते असं.

दोन दिवस आधीपासून पाण्यात क्लोरीन, टीसीएल, ब्लीचिंग किंवा कुठलंही जंतुनाशक नाही. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर लसीपुरतं बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वेगळ्या, साध्या पाण्याने धुतलेल्या ड्रममध्ये भरून ठेवतो. ड्रिंकर, म्हणजे पिल्लांची पाण्याची भांडी, तीही आदल्या दिवशी साध्या पाण्याने घासतो, साबण लावत नाही.

आदल्या दिवशी त्याच वेळेला पिल्लं दीड-दोन तासांत किती पाणी पितात ते मोजतो. ढोबळ हिशेब असा सांगतात की हजार पिल्लांना जितके दिवसांचं वय तितके लिटर, म्हणजे चौदा दिवसांच्या पाच हजार पिल्लांना सत्तर लिटर. पण हा हिशेब थंडीत एक आणि आपल्या उन्हाळ्यात भलताच वेगळा निघतो. उन्हाळ्यात पिल्लं दीडपट-दुप्पट पाणी पितात. स्वतः मोजलेला आकडाच खरा.

लसीच्या दिवशी पिल्लांना थोडी तहान लागू द्यायची. हिवाळ्यात दीड-दोन तास पाणी बंद ठेवलं तर चालतं. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नाही, आणि तेही पहाटे. सकाळी सातच्या आत पूर्ण काम आटोपतं असं बघतो. नऊनंतर पाणी बंद केलेल्या शेडमध्ये एप्रिल-मेत पिल्लं लसीआधी उष्माघाताने जातील.

पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून वीस मिनिटं थांबायचं. ती उरल्यासुरल्या क्लोरीनचा आणि कठीण पाण्याचा त्रास बराच कमी करते. साखरवाली, मलईवाली पावडर नको. निप्पलची, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या तोट्यांची, पाइपलाइन असेल तर दुधाने निप्पल तुंबतात, म्हणून तिथे लसीसोबत वापरायच्या निळ्या गोळ्या घ्या. त्या क्लोरीन मारतात आणि पाण्याला रंगही देतात. लाइनमधलं जुनं पाणी आधी सोडून द्या. शेवटच्या टोकाच्या निप्पलमधून निळं पाणी आल्याशिवाय लाइन भरली असं धरू नका.

बाटलीचं झाकण पाण्याखाली धरून उघडायचं, म्हणजे आतली पावडर उडत नाही. आधी लहान भांड्यात विरघळवून मग मोठ्या ड्रममध्ये. लोखंडी किंवा गंजका डबा नको, प्लास्टिकचा घ्या. पाण्यात बर्फाची लादी टाकायची असेल तर बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते बघा. कारखान्याच्या बर्फातही क्लोरीन असू शकतं. मी घरच्या फ्रिजमध्ये बोअरच्या पाण्याचाच बर्फ करून ठेवतो.

ड्रिंकर सगळे एकदम भरायचे आणि सावलीत ठेवायचे. मग तुम्ही स्वतः शेडमध्ये फिरा, कोपऱ्यात बसलेल्या पिल्लांना हळू उठवा. दबकी पिल्लं मागे राहतात आणि तीच पुढे आजार सुरू करतात. लसीचं पाणी एक ते दोन तासांत संपलं पाहिजे. अर्ध्या तासात संपलं तर सगळ्यांना पुरलं नाही, तीन तास उरलं तर शेवटच्या पाण्यातला विषाणू मेलेला. निळा रंग वापरला असेल तर शंभर पिल्लं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून जिभा बघा. नव्वदच्या वर जिभा निळ्या दिसल्या तर काम बरं झालं. जंतुनाशक पुन्हा सुरू करायचं ते एक दिवस गेल्यावर.

कंपनीशी करार करून तिची पिल्लं वाढवणाऱ्या शेडमध्ये हे सगळं सुपरवायझर करून देतो असं नवीन मंडळी धरून चालतात. त्याच्याकडे दिवसाला कितीतरी शेड असतात. लस कंपनीची असली तरी मेलेलं पिल्लू तुमच्या लॉटच्या हिशेबात येतं. तो आला तरी टाकीपाशी तुम्ही उभे राहा.

तिसरी लस आणि नंतरचे दिवस

एकविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा पाण्यातून, रीत वरचीच. लासोटानंतर तीन ते पाच दिवस हलक्या शिंका येतात, त्याने घाबरू नका. पण त्या दिवसांत शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास असेल तर साध्या शिंकांचा मोठा आजार होतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सात-आठ अंशांपर्यंत, कधी त्याहीखाली उतरतो. मग माणूस पडदे गच्च बांधून घेतो आणि सकाळी आत शिरलं की डोळे चुरचुरतात. पडद्याची वरची बाजू वीतभर उघडी ठेवा, तूस रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका.

आजारी पिल्लांना लस देऊ नका. लॉट सुस्त असेल, खाद्य कमी झालं असेल तर दोन दिवस थांबून डॉक्टरांना विचारा. एका शेडमधल्या सगळ्या पिल्लांना एकाच दिवशी लस द्या, अर्धी आज आणि अर्धी उद्या असं करू नका. रिकाम्या बाटल्या उकिरड्यावर फेकू नका, उकळून किंवा जाळून मग पुरा. लस दिल्यावर हात साबणाने धुवा. लासोटाचा थेंब माणसाच्या डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो.

मर वाढली तर

रोजची मर किती हे माहीत नसेल तर वाढली हे कळणार कसं? म्हणून रोज सकाळी आकडा लिहा. आज कालच्या दुप्पट दिसला तर संध्याकाळची वाट बघू नका. बर्ड फ्लूची शंका नसेल तर नुकतेच मेलेले तीन-चार पक्षी आणि एक-दोन आजारी जिवंत पक्षी घेऊन दवाखान्यात जा, किंवा १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवा. फार वेळ पडलेला पक्षी उन्हाने आतून कुजतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. पक्की तपासणी हवी असेल तर डॉक्टर नमुने पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाल्यात, रस्त्याकडेला, कुत्र्यांपुढे टाकलेला पक्षी पूर्ण शिवाराला आजार वाटत फिरतो.

वहीचं एक पान प्रत्येक लसीसाठी ठेवा: तारीख, वार, पिल्लांचं वय, लसीचं नाव आणि बॅच नंबर, मुदत, कुठून आणली, पाणी कुठलं, किती लिटर, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, जिभा किती निळ्या. बाटलीवरचं लेबल सोलून त्याच पानावर चिकटवा. आमचे डॉक्टर साहेब हल्ली शेडच्या दारात उभे राहून आधी ही वहीच मागतात, आणि बऱ्याचदा पक्षी फाडायच्या आधी तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बोट ठेवतात.